मापाची सीट रांगेच्या तोंडाशीच ठेवा

सुरक्षेचा बार नीट लागत नाही म्हणून रोलर कोस्टरवरून एखाद्या जाड माणसाला उतरवलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "आधी वजन कमी करायचं ना!" आणि दुसरं, "त्या ऑपरेटरने जरा जोर लावला असता तर बसला असता बार." पहिलं वाक्य निर्दयी आहे. दुसरं जीवघेणं आहे, म्हणून त्याबद्दल आधी.

गाडी चढावाच्या माथ्यावरून खाली झेपावते तेव्हा शरीर सीटवरून उचललं जातं. लोक येतात ते त्याच क्षणासाठी. पण त्या क्षणी नुसता लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा, असलेल्या कोस्टरवर तुम्हाला गाडीत धरून ठेवतो तो मुख्यतः तोच बार, आणि तो जांघेजवळ, मांड्यांवर टेकलेला असावा लागतो. पोटावर नाही. पोट मऊ, ते दबतं आणि सरकतं. पोटावर अडलेला बार बसल्या जागी घट्ट वाटतो, पण खाली मांड्यांशी पोकळी राहते. कितीतरी कोस्टरवर बाराला एक आखूड पट्टा असतो, तो खरं तर मापपट्टीच असतो. बकल आणि पट्ट्याचं टोक यांच्यात बोटभर अंतर उरलं, तर बार हवा तितका खाली आलेला नाही. त्या बोटभर अंतरासाठी नाही म्हणणारा ऑपरेटर आपलं काम चोख करतोय.

२०२२ साली अमेरिकेतल्या ऑरलँडोत फ्री फॉल या, उंचावरून खाली सोडणाऱ्या टॉवर राइडवरून १४ वर्षांचा एक मुलगा पडून गेला. उत्पादकाने घातलेली वजनाची मर्यादा सुमारे १३० किलो होती, त्याचं वजन त्याहून बरंच जास्त. चौकशीत निघालं की त्याच्या सीटचा सेन्सर हाताने बदललेला होता, त्यामुळे हार्नेस, म्हणजे खांद्यावरून येणारी सुरक्षेची चौकट, नेहमीपेक्षा जवळजवळ दुप्पट उघडा असूनही राइड सुरू झाली. सीट बेल्ट नव्हताच. मोठ्या देहाच्या लोकांना सामावून घ्यायचं म्हणजे हे नव्हे. हे आठवलं की आजही संताप होतो.

सामावून घ्यायचं तर सीट बदला. कोस्टर बनवणाऱ्या बी अँड एम कंपनीच्या अनेक कोस्टरवर ठरावीक ओळींत मोठ्या मापाच्या, दोन बेल्टच्या सीट असतात. युनिव्हर्सल थीम पार्कच्या फॉरबिडन जर्नी या हॅरी पॉटरच्या राइडवर, २०१० मध्ये राइड सुरू झाल्यावर, कडेच्या सीटमध्ये बदल केले गेले. म्हणजे हे जमतं. करायची इच्छा हवी.

आणि किलोंची पाटी लावून भागत नाही. सारख्याच वजनाच्या दोघांपैकी एक आरामात बसतो, दुसऱ्याला उतरावं लागतं, कारण प्रश्न वजन कुठे आहे याचा असतो. खांद्यावरून येणाऱ्या हार्नेसमध्ये छाती आडवी येते, लॅप बारमध्ये पोट आणि मांड्या. भरलेल्या मांड्यांचा व्यायामपटूही अडकतो, भरलेल्या छातीची बाईही. मग कंबर आणि छातीची मापं वेबसाइटवर का नाहीत? मोठ्या सीट कुठल्या ओळीत, हे रांगेत शिरतानाच का सांगत नाहीत?

लहान मुलांची उंची दाराशीच मोजतात. पोर हिरमुसतं, पण तासभर उभं राहून, गाडीत चढायच्या फलाटावर सगळ्यांसमोर, दोघा-तिघांनी बार दाबून बघितल्यावर त्याला उतरवत नाहीत. मोठ्यांच्या वाट्याला मात्र नेमकं हेच येतं. मागची रांग खोळंबते, कुणीतरी मोबाइल काढतं, सोबतची मुलं कावरीबावरी होतात. तो माणूस पुन्हा कुठल्याच राइडकडे फिरकत नाही.

टेस्ट सीट, म्हणजे आधी बसून बघायची सीट, अनेक पार्कांत असते, पण कुठे भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या नजरेसमोर, तर कुठे तिचा बार गाडीतल्यासारखा लागतच नाही. ती प्रत्येक मोठ्या राइडच्या दाराशी, थोड्या आडोशाला हवी, बेल्टसकट, गाडीतल्या सीटच्याच मापाची. शेजारी एक कर्मचारी हवा, जो शांतपणे सांगेल, "इथे नाही बसणार, पण दुसऱ्या ओळीत बसेल, तिथे थांबा."