भिंतीकडे तोंड

काल संध्याकाळी उद्यानात माझ्या कवितेला भिंतीकडे तोंड करून उभे करण्यात आले. शाळेत ही शिक्षा मला होत असे. कवितेला झालेली प्रथमच पाहिली.

चित्रे आणि कविता उघड्यावर मांडायचे ठरले तेव्हा आमच्या समितीला ऊन, वारा आणि पाऊस हे तीनच शत्रू ठाऊक होते. उन्हाने जलरंग फिके पडतात म्हणून मूळ चित्रांऐवजी छापील प्रती लावायचे ठरले. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की फलकावरचा त्याचा जोर चौपट होतो, हे समितीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी इतक्या वेळा बजावले की फलकाआधी आम्हीच वाकलो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात १९९२ पासून घरांच्या भिंतींवर कविता रंगवल्या गेल्या, हा दाखला मी प्रत्येक बैठकीत दिला. तीन मीटरवरून वाचता यावे म्हणून अक्षर अडीच सेंटिमीटर उंच ठेवले, फलकाचा मध्य जमिनीपासून १५० सेंटिमीटरवर आणला आणि काल तालीम म्हणून पहिला फलक एका बाकासमोर उभा केला. बाकावर कोणी बसलेले असू शकते, हा मुद्दा एकाही बैठकीत निघाला नव्हता.

"अहो, हे काय लावताय?" बाकावरच्या आजोबांनी विचारले.

"कविता."

"कशावर?"

"समोरच्या झाडावर."

ते आधी डावीकडे झुकले, मग उजवीकडे झुकले आणि शेवटी काठीवर भार देऊन अर्धवट उठले. "झाड दिसत नाही."

"कविता वाचलीत की दिसेल," मी म्हणालो. त्या क्षणी हे वाक्य मला फार सुंदर वाटले होते.

त्यांनी चष्मा बदलून चौदाही ओळी सावकाश वाचल्या. "पानगळ लिहिलीत. हे झाड बारा महिने हिरवे असते. मी रोज पाहतो. म्हणजे आजपर्यंत पाहत होतो."

"ती पानगळ मनातली आहे."

"मग फलकही तिथेच लावायचा."

एवढ्यात उद्यानाचे रखवालदार आले. परवानगीचे पत्र त्यांनी दोनदा वाचले आणि तारीख दाखवली: प्रदर्शन परवापासून. ज्या पत्रासाठी मी सतरा दिवस खेटे घातले, ज्याच्या अर्जात 'वस्तूचे वजन' या रकान्यात कवितेचे काय लिहावे हे तीन खिडक्यांपैकी एकाही खिडकीला सांगता आले नव्हते, तेच पत्र आता माझ्यावर उलटले. फलक आज इथे ठेवायला हरकत नाही, पण तो कोणाला दिसता कामा नये, असा त्यांनी निवाडा केला आणि कविता उचलून पंपघराच्या भिंतीशी उलटी टेकवली. प्रदर्शन आणि साठवण यांतला फरक इतक्या नेमकेपणाने कोणत्याही समीक्षकाने मांडलेला नसेल, हे कबूल करतो. राग त्यामुळे कमी होत नाही.

आजोबा समाधानाने मागे टेकले आणि त्यांनी मला बाकावर जागा करून दिली. दहा मिनिटे आम्ही झाड पाहत बसलो. एकही पान पडले नाही.

रात्री घरी येऊन 'पानगळ' हा शब्द काढून पाहिला, तर वृत्त बिघडते. परवापर्यंत त्या झाडानेच थोडे सहकार्य केले तर बरे होईल.