छोटा हत्ती एका चार्जला किती पळेल?

सासवडच्या एसटी स्टँडमागच्या टपरीवर परवा वाद पेटला तो बंड्यामुळे. त्याला डिझेलचा छोटा हत्ती काढून इलेक्ट्रिक घ्यायचाय. "टाटा एस ईव्ही. बॅटरी २१.३ किलोवॉट-अवर, एका चार्जला १५४ किलोमीटर," त्याने मोबाईलवर वाचून दाखवलं. "पुण्याचं मार्केट यार्ड तीस-बत्तीस किलोमीटर. दोन फेऱ्या आरामात होतात की."

"थांब," पम्या म्हणाला. "२०२५ ला एस प्रो ईव्ही आली. बॅटरी १४.४ आणि रेंज १५५! बॅटरी एक तृतीयांशाने लहान आणि पळते तेवढीच? कुणीतरी फेकतंय."

वायरमन म्हणून रिटायर झालेले अण्णा तोवर गप्प होते. "कुणी फेकत नाही. किलोवॉट-अवर म्हणजे लाईटबिलातलं युनिट. पहिलीला किलोमीटरला ०.१४ युनिट लागतं, दुसरीला ०.०९. गाडी वेगळी, वजन वेगळं, मोटर वेगळी. आणि हे आकडे चाचणीत रोलरवर गाडी पळवून काढतात. त्या रोलरला ना पुण्याच्या वाटेवरचा दिवे घाट, ना हडपसरचं ट्रॅफिक."

इथे खरं तर विषय संपायला हवा होता. रेंजवरून बॅटरीचा अंदाज काढू नये आणि बॅटरीवरून रेंजचा तर त्याहून नाही. आपल्या रस्त्यावर किलोमीटरला किती युनिट जातं तेवढं धरावं. पण पम्याचा मावसभाऊ टेक्सासला असतो, त्यामुळे अमेरिका आलीच.

"फोर्डची इलेक्ट्रिक पिकअप एफ-१५० लाइटनिंग, मोठी बॅटरी १३१ ची. आपले सहा हत्ती! ३२० मैल, म्हणजे ५१५ किलोमीटर. पण मागे मोठा ट्रेलर जोडला की निम्म्यावर येते."

"येणारच," अण्णा म्हणाले. "ते ११० नी हाकतात. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट, त्यात ट्रेलरचं थोबाड. बंड्या पन्नास-साठच्या वर जात नाही. याला हवा नाही, माल आणि चढ खाणार."

"म्हणजे घाटातच बॅटरी संपली म्हणा," पम्या खूश.

अण्णांनी बिस्किटाच्या पुड्यावर पेन चालवलं. एक टन शंभर मीटर चढवायला पाव युनिटाहून थोडं जास्त. दिवे घाट दोनएकशे मीटर धरला आणि रिकामी गाडी सव्वा टन, तर पाऊण युनिटाच्या आत-बाहेर. "आणि बंड्या, तुझी अंजिरं, सीताफळं घाट उतरतात. चढताना क्रेट रिकामे. उतरताना मोटरच ब्रेक लावते आणि बॅटरीत भरते. घाटाचा हिशेब जवळजवळ फिटतो."

मला हे पटलं. घाटाचा बागुलबुवा उगाच करतात. भरला माल वर नेणाऱ्या खोपोली-लोणावळावाल्याने करावा. फक्त एक मेख आहे, ती अण्णांनीच सांगितली: घरून शंभर टक्के भरून निघालास तर उतारावरची वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते. नव्वदवर निघ.

"मग दोन फेऱ्या?"

"रस्त्यात खड्डे, सिग्नल, भरला माल. किलोमीटरला ०.१७ धर. २१ मधली वरची दहा टक्के रिकामी, खालची वीस टक्के हात न लावता ठेव, उरली पंधरा. म्हणजे नव्वदच्या आत किलोमीटर. एक फेरी जाऊन-येऊन पासष्ट. दुसरीसाठी मध्ये लावावीच लागेल."

"आणि बिल एकवीसचंच ना?"

"नाही रे. त्या लाइटनिंगचंच बघ, अमेरिकेचा सरकारी आकडा भिंतीतून ओढलेली वीज मोजतो. शंभर मैलांना ४८, म्हणजे ३२० मैलांना १५४ युनिट. बॅटरी १३१ ची. बाकीची तेवीस चार्ज करतानाच गेली. तुझी गाडी भरायला चोवीस-पंचवीस धर. घरच्या पंधरा अँपच्या प्लगवर सात-आठ तास."

बंड्याने बोटं मोजली. "रात्री अकराला लावली तर सकाळी सहा-सात. अण्णा, माझी पहिली फेरी तीनला निघते. गाळ्यावर उशीर झाला तर भाव कोण देणार?"

"मग सातलाच लाव."

"सातला शेतातून क्रेट कोण आणणार? तीच गाडी ना!"

पम्या म्हणाला, दोन हत्ती घे. त्यावरून जे सुरू झालं ते टपरीवाल्याने शटर ओढेपर्यंत.