शंभर वर्षांचा पूर येऊन गेला म्हणून नदीकाठ सुरक्षित होत नाही

पूरमैदानांच्या, म्हणजे पुरात पाण्याखाली जाणाऱ्या नदीकाठच्या सखल जमिनींच्या, अभ्यासाविषयीचा एक संदेश सध्या सर्वत्र फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे की, शंभर वर्षांचा पूर एकदा येऊन गेला की पुढची शंभर वर्षे काळजी नाही. तीस-चाळीस वर्षांच्या नोंदींवरून काढलेला पुराचा विसर्ग, म्हणजे नदीतून दर सेकंदाला वाहणारे पाणी, हा निव्वळ अंदाजपंचे. जुन्या माणसांनी जेथे पाणी पाहिले नाही तेथे ते येत नाही. आणि वर धरण असेल तर प्रश्नच मिटला. हा संदेश वाचून माझ्या मेहुण्यांनी नदीलगतच्या जागेचा व्यवहार पुढे न्यायचे ठरवले, म्हणून हे सविस्तर लिहिणे भाग पडले.

पहिला मुद्दा सर्वांत घातक आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे असा विसर्ग, जो कोणत्याही एका वर्षी गाठला किंवा ओलांडला जाण्याची शक्यता १ टक्का असते. आदल्या वर्षी तो येऊन गेला म्हणून ही शक्यता घटत नाही. यंदाही ती १ टक्काच असते. ३० वर्षे त्या जागी राहणाऱ्या कुटुंबाला असा पूर निदान एकदा गाठण्याची शक्यता सुमारे २६ टक्के असते, म्हणजे चारांत एकाहून थोडी जास्तच. पूर्ण १०० वर्षांचा विचार केला तर तो एकदाही न येण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आणि दोन किंवा अधिक वेळा येण्याची सुमारे २६ टक्के निघते. ‘शंभर वर्षांतून नेमका एकदा’ हे वेळापत्रक या गणितात कोठेही नाही.

याहून गंभीर बाब अशी की, मोठा पूर येऊन गेल्यावर त्याचा कमाल विसर्ग नोंदींच्या मालिकेत जमा होतो आणि मालिका लहान असेल तर नव्या आकडेमोडीत शंभर वर्षांच्या पुराचा अंदाज बहुधा वाढतो. जी घटना पूररेषा पुन्हा तपासण्याचे कारण ठरायला हवी, तीच या संदेशात निश्चिंत होण्याचे कारण म्हणून दिली आहे. घर बांधणाऱ्या माणसाला असे सांगणे हा निष्काळजीपणा आहे आणि तो मला सहन होत नाही.

दुसऱ्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. नोंदी थोड्या असल्या की अनिश्चितता मोठी राहते. शिवाय महापुरात विसर्ग प्रत्यक्ष मोजता येतोच असे नाही; पुष्कळदा पाणीपातळी नोंदवून पातळी-विसर्ग वक्र, म्हणजे कोणत्या पातळीला किती पाणी वाहते हे दाखवणारा आलेख, मोजमापांच्या पलीकडे वाढवून आकडा काढावा लागतो. पण ही अनिश्चितता कोणी लपवलेली नाही. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘बुलेटिन १७सी’ ही मार्गदर्शिका वार्षिक कमाल विसर्गांना लॉग-पिअर्सन प्रकार ३ हे वितरण (कोणता विसर्ग किती संभाव्य हे सांगणारे गणिती सूत्र) लावायला सांगते, विषमतेच्या गुणांकासाठी (आकडे सरासरीच्या एका बाजूला किती झुकले आहेत त्याच्या मापासाठी) आसपासच्या प्रदेशातील माहितीची जोड घेते आणि अंदाजासोबत विश्वासमर्यादाही, म्हणजे खरा आकडा ज्यांच्या दरम्यान असण्याची बरीच खात्री असते ती खालची-वरची टोके, काढते. खरा विसर्ग अंदाजाहून कमी असू शकतो तसा जास्तही असू शकतो. संदेश लिहिणाऱ्याने फक्त पहिली शक्यता धरली आहे.

जुन्या माणसांची साक्ष याच पद्धतीत रीतसर वापरली जाते. ठरावीक पातळीवर पाणी चढले असते तर ते कोणाच्या तरी नजरेस पडले असते, असे खात्रीने म्हणता आले तर ‘इतक्या वर्षांत ती पातळी ओलांडली गेली नाही’ हीही एक नोंद ठरते. मात्र पात्रात गाळ साचला, भराव पडला किंवा पुलाची कमान अपुरी असली, तर तेवढाच विसर्ग आज अधिक उंची गाठतो, त्यामुळे जुनी पूरखूण आजची सीमा सांगत नाही.

धरणाबद्दल इतकेच की, जलाशय आधीच भरलेला असेल तर पूर धरून ठेवण्याची त्याची क्षमता फार थोडी उरते, आणि धरणाखालच्या पाणलोट क्षेत्रातून येणारे पाणी तर त्याच्या हाती नसतेच. धरणापूर्वीच्या आणि नंतरच्या नोंदी एकाच मालिकेत मिसळून काढलेला विसर्गही ग्राह्य धरता येत नाही.

मेहुण्यांना मी त्या जागेचा पूर-अभ्यास मागवायला सांगितले आहे. त्यात कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदी घेतल्या, शेवटचा मोठा पूर त्यांत आहे का, आणि विश्वासमर्यादेच्या वरच्या टोकाचा विसर्ग आला तर जोत्यापाशी पाणी किती उंच येईल, हे पाहिल्याशिवाय विसार देऊ नये.