कृष्ण अय्यर चालतात, मग दाश का नाही?

नमस्कार. तुमचा आक्षेप रोखठोक आहे. न्या. चित्तरंजन दाश संघाचे निघाले म्हणून मी लेख पाडला, कम्युनिस्ट सरकारात मंत्री असलेले कृष्ण अय्यर मात्र मला गोड लागतात.

अय्यर १९५७ साली केरळात नंबुद्रिपादांच्या मंत्रिमंडळात कायदामंत्री होते, ही जगजाहीर गोष्ट. म्हणून तर १९७३ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात जाणार म्हटल्यावर मुंबईच्या वकिलांनी उघड विरोध केला. त्यात सोली सोराबजी होते. (आपलं चुकलं, हे पुढे त्यांनीच कबूल केलं.) दाश २० मे २०२४ ला कलकत्ता उच्च न्यायालयात निरोप समारंभात म्हणाले, मी संघाचा होतो आणि आहे. कामामुळे ३७ वर्षं लांब राहिलो, कुणाला झुकतं माप दिलं नाही, असंही म्हणाले. असेलही. मी त्यांच्या एकाही निकालावर बोट ठेवलेलं नाही, लेख परत वाचा. पण हे कळलं कधी? खुर्ची सोडताना. ‘माझी केस दुसऱ्या पीठाकडे द्या’ असं एखाद्या पक्षकाराला म्हणायचं असतं, तर त्याने काय करायचं होतं?

आता माझ्याच बाजूचं घ्या. चिलीचा माजी हुकूमशहा पिनोशे लंडनमध्ये पकडला गेला याचा मला आनंदच झाला होता. २५ नोव्हेंबर १९९८ ला हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं ब्रिटनचं सर्वोच्च न्यायालय) ३ विरुद्ध २ मतांनी ठरवलं, की माजी राष्ट्रप्रमुख म्हणून त्याला अटकेपासून संरक्षण नाही. त्या तीन न्यायाधीशांत लॉर्ड हॉफमन होते. अ‍ॅम्नेस्टी ही मानवी हक्कांची संघटना त्या प्रकरणात हस्तक्षेपक होती, आणि हॉफमन अ‍ॅम्नेस्टीच्याच धर्मादाय कंपनीचे अध्यक्ष! काम बिनपगारी, पण बाजू मांडायला उभ्या राहिलेल्यांपैकी एकाशी घरोबा, आणि सुनावणीत त्याबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी प्रत्यक्ष पक्षपात केला असं लॉर्ड्सनी म्हटलं नाही, तरी १७ डिसेंबरला स्वतःचाच निकाल रद्द केला. मार्च १९९९ मध्ये सात न्यायाधीशांपुढे, तेही सगळ्या नव्या, पिनोशे ६ विरुद्ध १ असा पुन्हा हरला. मात्र १९८८ च्या आधीचे छळाचे आरोप जवळपास सगळे गळाले. मला ते झोंबलं. तरी रद्द केलं ते बरोबरच केलं.

आपल्याकडे ५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने बऱ्याच न्यायमूर्तींची मालमत्ता संकेतस्थळावर टाकली. फ्लॅट, दागिने, म्युच्युअल फंड, सगळं आहे. कुठल्या पक्षात किंवा संघटनेत, कधीपासून कधीपर्यंत, हा रकाना तेवढा नाही. तो असायला तुमची हरकत आहे का?