बारा हजारांचं बेट, सहा कसोटीपटू

"वेस्ट इंडिजचा प्लेअर" असं कुणी म्हटलं की हल्ली मी लगेच विचारतो, कुठल्या बेटाचा? मित्र वैतागतात. पण मला हा प्रश्न मनापासून महत्त्वाचा वाटतो. का वाटतो, ते आज सविस्तर लिहितोय. पोस्ट लांब होणार आहे, सवडीने वाचा.

वेस्ट इंडिज नावाचा देश नाही. हे आपल्याला शाळेपासून माहीत असतं आणि मॅच सुरू झाली की आपण विसरतो. बार्बाडोसचा झेंडा वेगळा, जमैकाचा वेगळा, त्रिनिदादचा वेगळा, आणि गयाना तर बेटही नाही. उसेन बोल्ट जमैकासाठी धावला, वेस्ट इंडिजसाठी नाही. क्रिकेटपुरतीच ही मंडळी एका टोपीखाली येतात. जिथे झेंड्याप्रमाणे संघ उतरवावा लागतो तिथे मग खरं चित्र दिसतं. १९९८ साली क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारताचा सामना थेट अँटिग्वा आणि बार्ब्युडाशी होता. आपल्याकडून सचिन होता. पावसाने ती मॅच पूर्ण होऊ दिली नाही. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला आपल्या मुली बार्बाडोसशी खेळल्या. वांद्र्याच्या जेमिमाने नाबाद ५६ काढल्या, रेणुकाने १० धावांत ४ बळी घेतले आणि आपण १०० धावांनी जिंकलो. समोरच्या मुलींच्या अंगावर त्या दिवशी वेस्ट इंडिजचा मरून रंग नव्हता, त्यांच्या स्वतःच्या बेटाची जर्सी होती.

मला मात्र बोलायचंय ते या सगळ्यांपेक्षा खूप लहान बेटाबद्दल. नेव्हिस. क्षेत्रफळ ९३ चौरस किलोमीटर, वस्ती बारा-तेरा हजार. मधोमध एक डोंगर, नेव्हिस पीक, जवळजवळ हजार मीटर उंच, आणि डोंगराच्या पायथ्याशी गोल फिरणारा रस्ता. चार्ल्सटाउन हे मुख्य गाव. शेजारी सेंट किट्स, मध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी, ये-जा फेरीने. दोन्ही बेटं मिळून १९८३ साली एक देश झाला. पण नेव्हिसकरांना आपलं वेगळेपण इतकं प्यारं की १९९८ साली वेगळं व्हायचं का यावर तिथे सार्वमत झालं. जवळजवळ ६२ टक्के लोकांनी वेगळं व्हायच्या बाजूने मत दिलं. दोन तृतीयांश लागत होती, थोडक्यात राहिलं. क्रिकेटमध्ये मात्र ते आधीपासून वेगळेच. सेंट किट्सचा संघ वेगळा, नेव्हिसचा वेगळा.

या बारा हजारांच्या बेटाने वेस्ट इंडिजला सहा कसोटीपटू दिले. एल्क्विमेडो विलेट, डेरिक पॅरी, कीथ आर्थर्टन, स्टुअर्ट विल्यम्स, रुनाको मॉर्टन, किरन पॉवेल. एकदिवसीय सामना खेळलेला कार्ल टकेट वेगळा. आता आपापल्या गावाची लोकसंख्या आठवा. माझ्या गावाची बारा हजारांच्या आसपास आहे. आमच्या गावातून आजवर कुणी रणजीसुद्धा खेळलेलं नाही.

हे आपोआप झालेलं नाही. कितीतरी वर्षं वेस्ट इंडिजचा संघ म्हणजे जमैका, बार्बाडोस, त्रिनिदाद आणि गयाना, एवढ्या चौघांचा कारभार. बाकीच्यांना 'स्मॉल आयलंडर' म्हणायचे, आणि त्यात कौतुक नसायचं. आपल्याकडे 'खेड्यातला आहे' हे ज्या सुरात म्हणतात ना, तोच सूर. १९६६ साली वेस्ट इंडिजमधल्या संघांची आपसातली शेल शील्ड स्पर्धा सुरू झाल्यावर या लहान बेटांची मोट बांधून एक 'कम्बाइंड आयलंड्स' संघ केला आणि त्यांना दरवर्षी मोठ्यांशी खेळायला मिळू लागलं. १९८१ मध्ये या संघाने शील्ड जिंकली आणि त्यानंतर लीवर्ड (नेव्हिस, सेंट किट्स, अँटिग्वा वगैरे उत्तरेकडची बेटं) आणि विंडवर्ड (दक्षिणेकडची) असे दोन स्वतंत्र संघ झाले. पंधरा वर्षांत लिंबूटिंबूचे विजेते झाले. मधल्या काळात त्यांचा खेळ बदलला असेल, पण खरा बदल म्हणजे त्यांना मैदानात उभं राहायला मिळालं.

विलेट त्यातला पहिला. डावखुरा फिरकीपटू. १९७३ साली ऑस्ट्रेलियाविरुद्ध कसोटी खेळला तेव्हा वय १९. संपूर्ण लीवर्ड बेटांतून कसोटी खेळणारा तो पहिला माणूस. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं, कारण लीवर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अँटिग्वा येतं, अँडी रॉबर्ट्स येतो, व्हिव रिचर्ड्स येतो. ते दोघे १९७४ मध्ये आले. दार उघडलं ते नेव्हिसच्या पोराने. १९७४-७५ च्या भारत दौऱ्यावर हे तिघेही होते. विलेटच्या वाट्याला जेमतेम पाच कसोटी आल्या, ११ बळी. आकड्यांत बघितलं तर काहीच नाही. पण चार्ल्सटाउनच्या मैदानाला आज त्याचं नाव आहे आणि त्याची दोन मुलं, टोनिटो आणि अकिटो, लीवर्डकडून खेळली.

पॅरी ऑफस्पिनर. १९७८ साली ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत त्याला संधी मिळाली. पोर्ट ऑफ स्पेनला त्याने १५ धावांत ५ बळी घेतले आणि ऑस्ट्रेलिया ९४ मध्ये आटोपली. पुढच्या हिवाळ्यात तो भारतात आला होता. गावस्करांनी ७३२ धावा काढल्या तीच मालिका, वानखेडेवरच्या २०५ सकट. त्या मालिकेत फिरकी टाकणं म्हणजे काय असेल याची कल्पना करा! नंतर तो क्रिकेटजगाने बहिष्कार टाकलेल्या वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत, भरपूर पैसे देऊन नेलेल्या बंडखोर संघासोबत खेळायला गेला आणि त्या सगळ्यांवर आजन्म बंदी आली. ती पुढे उठली, पण तोवर वय निघून गेलं होतं. त्या दौऱ्याचं समर्थन मी करणार नाही, आजही करत नाही. एवढंच म्हणेन की लहान बेटावरच्या, संघातली जागा कधीच पक्की नसलेल्या माणसासमोर ते पैसे ठेवले गेले होते.

आर्थर्टन आपल्या पिढीला आठवतो तो फिल्डिंगसाठी आणि, वाईट वाटतं, ९६ च्या वर्ल्ड कपमध्ये पाच डावांत काढलेल्या २ धावांसाठी. त्याच आर्थर्टनने ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १५७ काढल्या होत्या, ते कुणाला आठवत नाही. विल्यम्सचं एकमेव कसोटी शतक, १२८, आपल्याविरुद्ध १९९७ मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला. त्याच दौऱ्यात पुढे बार्बाडोसला आपण १२० चा पाठलाग करताना ८१ वर कोसळलो. सचिन कॅप्टन होता. त्या रात्री आमच्या घरी कुणी धड जेवलं नव्हतं.

आणि मॉर्टन. याच्यावर मी थांबणार आहे, कारण त्याला मी डोळ्यांनी पाहिलंय.

रुनाको मॉर्टन नेव्हिसच्या जिंजरलँड भागातला. आडवा बांधा, रुंद छाती, बॅट हातात घेतली की कुदळ धरल्यासारखी घट्ट पकड. त्याची सुरुवातच वाईट झाली. २००२ मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीसाठी बोलावलं गेलं, तर आजी वारली म्हणून निघून गेला आणि ते खोटं निघालं. वर्षभराची बंदी. परत आला, धडपडला. सप्टेंबर २००६ मध्ये क्वालालंपूरला डीएलएफ कपच्या फायनलमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने ३१ चेंडू खेळून शून्य केला. एकतीस चेंडू! माझ्या ऑफिसमध्ये दुसऱ्या दिवशी जो तो त्यावर हसत होता.

त्यानंतर महिनाही झाला नव्हता. १८ ऑक्टोबर २००६, ब्रेबॉर्न, चॅम्पियन्स ट्रॉफी, समोर परत ऑस्ट्रेलिया. मी मुंबईत नोकरीला नवीन होतो. एका सहकाऱ्याला जमत नव्हतं म्हणून त्याचं तिकीट मला मिळालं. वेस्ट इंडिजचे चार गडी लवकर गेले आणि हा आत आला. माझ्या मागे बसलेला एक जण ओरडला, "एकतीस बॉल बघायची तयारी करा रे!" सगळे हसले. मीही हसलो, हे कबूल करतो. मॉर्टनने पहिला चेंडू अडवला, बॅटने खेळपट्टीवर दोनदा ठोकलं आणि स्क्वेअर लेगकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. पुढचा अडवला. पुन्हा तेच. घाई नाही, कुणाला काही दाखवायचं नाही. दुसऱ्या टोकाला लारा होता आणि लोक लाराला बघायला आले होते. लाराने ७१ काढल्या आणि गेला. मॉर्टन शेवटपर्यंत राहिला. नाबाद ९०. नंतर जेरोम टेलरने हॅट्‌ट्रिक घेतली, ऑस्ट्रेलिया १० धावांनी हरली. दुसऱ्या दिवशी पेपरात टेलर होता, लारा होता. मला मात्र घरी जाताना चर्चगेटच्या फलाटावर तो खेळपट्टीवर ठोकणाराच दिसत होता. त्या रात्री मी पहिल्यांदा नेव्हिस नकाशात शोधलं. सापडायला वेळ लागला.

४ मार्च २०१२ रोजी त्रिनिदादमध्ये त्याची गाडी खांबावर आदळली आणि तो गेला. वय ३३.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर २०१३, सचिनची शेवटची कसोटी. वानखेडेवर वेस्ट इंडिज पहिल्या डावात १८२. त्यात सगळ्यात जास्त ४८ किरन पॉवेलच्या, पुन्हा नेव्हिसचाच. आपण सगळे दुसऱ्याच कारणाने रडत होतो, त्यामुळे ते कुणी बघितलं नाही. यात चूक कुणाचीच नाही.

शेजारच्या सेंट किट्सचं सांगतो. वस्ती नेव्हिसच्या जवळपास तिप्पट. वॉर्नर पार्कसारखं कसोटीचं मैदान तिकडे, २००७ च्या वर्ल्ड कपमध्ये गिब्जने सहा चेंडूंत सहा षटकार मारले तेही तिथेच. पण वेस्ट इंडिजकडून कसोटी खेळणारा पहिला किट्सचा पुरुष खेळाडू म्हणजे माइकाइल लुईस, जुलै २०२४, लॉर्ड्सवर, अँडरसनच्या शेवटच्या कसोटीत. त्याआधी किट्समध्ये जन्मलेला जोई बेंजामिन कसोटी खेळला, पण इंग्लंडकडून. तोवर नेव्हिसचे सहा होऊन गेले होते. म्हणजे नुसतं स्टेडियम बांधून भागत नाही.

मग कशाने भागतं? माझं मत असं की नेव्हिसला 'नेव्हिस' म्हणून खेळायला मिळालं, हे मोठं कारण आहे. लीवर्ड बेटांच्या आपसातल्या स्पर्धेत नेव्हिसचा संघ अँटिग्वाशी, किट्सशी, मॉन्टसेराटशी खेळतो. सतरा वर्षांच्या पोरासमोर तिथे लीवर्डकडून खेळलेला, कधी वेस्ट इंडिजकडून खेळलेला माणूस उभा राहतो. २००६ च्या स्टॅनफर्ड ट्वेंटी-२० मध्येही नेव्हिस स्वतंत्र उतरलं आणि सेमीफायनलपर्यंत गेलं. बेट, मग लीवर्ड, मग वेस्ट इंडिज. शिडीची पहिली पायरी दारात आहे. अँटिग्वात तर लोकांनी वर्गणी काढून रॉबर्ट्स आणि रिचर्ड्सला लंडनला आल्फ गव्हरच्या कोचिंग स्कूलमध्ये पाठवलं होतं. देवळाच्या कळसाला वर्गणी काढतो तशी. दोन पोरांच्या क्रिकेटसाठी.

मी सोळा वर्षांचा असताना जिल्ह्याच्या ठिकाणी निवड चाचणीला गेलो होतो. पहाटेची एसटी, डब्यात आईने दिलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा, अंगावर मावसभावाची पांढरी पँट खाली दुमडलेली. दीडशेच्या वर पोरं. माझा नंबर संध्याकाळी पाचला लागला. सहा चेंडू टाकायला दिले. पहिले दोन सिमेंटच्या खेळपट्टीवर अंदाज येईना म्हणून आखूड पडले, कारण मी जन्मात सिमेंटवर बॉल टाकला नव्हता. "नेक्स्ट". मी चांगला बॉलर होतो असा माझा दावा नाही. पण सहा चेंडूंत ते मलाही कळलं नाही आणि त्यांनाही. विलेटला सहा चेंडूंत कुणी जोखलं असतं का?

आपल्या राज्यात रणजीचे तीन संघ आहेत, मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. तिन्हींचा मला अभिमान आहे. पण तालुक्याच्या पोराला तिथवर पोचायला जी पायरी हवी ती त्याच्या दारात नाही. त्याला एकट्याने एसटी पकडून अनोळखी मैदानावर जावं लागतं. नेव्हिसचा पोरगा फेरीत बसतो तेव्हा त्याच्यासोबत दहा जण त्याच्याच गावचे असतात आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच टोपी असते. फरक केवढा मोठा आहे बघा. प्रत्येक तालुक्याचा स्वतःचा संघ हवा, नावासकट, टोपीसकट, आणि तालुक्या-तालुक्यांच्या मॅचेस लेदर बॉलवर, दरवर्षी, ठरल्या तारखेला व्हायला हव्यात. त्यात रणजी खेळून थांबलेल्या दोन-चार जुन्या खेळाडूंनीही उतरावं. पोरांना खरा बॉलर समोर दिसू दे.

आमच्याकडे यंदा दिवाळीनंतर सात गावांची लेदर बॉलची स्पर्धा ठरवली आहे. आजवर टेनिस बॉलच्याच व्हायच्या. मैदान हायस्कूलचं मिळालंय, रोलर ग्रामपंचायत देते म्हणाली. अडलंय ते खेळपट्टीवर अंथरायच्या मॅटिंगवर. नवीन आमच्या बजेटमध्ये बसत नाही. कुणाच्या क्लबात, कॉलेजात जुनं काथ्याचं मॅटिंग पडून असेल, फाटकं असलं तरी चालेल, शिवून घेऊ, तर मेसेज करा. न्यायला टेम्पो घेऊन मी स्वतः येईन.