सिमल्यात 93,000 कैदी सोडलेच नव्हते

'युद्धात जिंकलो, तहात हरलो' या मथळ्याचा मजकूर दर डिसेंबरात आमच्या घरच्या ग्रुपवर येतो आणि दर वेळी मी तो सोडून देतो. यंदा तो आण्णांनी वाचला. आण्णा माझे थोरले चुलते, पहिल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे, म्हणजे जंगी पलटणीचे. 1971 च्या डिसेंबरात जमालपूरला लढले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्यांनी फोन करून एवढंच विचारलं, "मग आमची पोरं मेली ती फुकटच का रे?" पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे विचारायची वेळ आणली म्हणून आता गप्प बसणार नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: 1971 च्या युद्धानंतर सिमल्यात पाकिस्तानशी करार करताना इंदिरा गांधींनी 93,000 पाकिस्तानी सैनिक एका सहीनिशी फुकट सोडले, जिंकलेली पाच हजार चौरस मैल जमीन परत दिली, कैदी अडकवून ठेवले असते तर पाकिस्तानी लष्कर कायमचं मोडलं असतं आणि तिथं पुन्हा लष्करशाही आली नसती, आणि आपले 54 जवान मात्र तिथंच विसरले.

पहिला मुद्दा धडधडीत खोटा आहे. सिमला कराराचा मजकूर परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. जेमतेम दीडदोन पानांचा कागद, सहा कलमं. 2 जुलै 1972 ची तारीख. शेवटचं, सहावं कलम वाचा. दोन्ही देशांचे प्रतिनिधी पुढं भेटतील आणि युद्धकैद्यांची परतपाठवणी, जम्मू-काश्मीरचा अंतिम तोडगा, राजनैतिक संबंध या प्रश्नांवर चर्चा करतील, असं तिथं लिहिलंय. म्हणजे कैद्यांचा प्रश्न सिमल्यात सुटला नाही, तो लोंबकळत ठेवला गेला. पाकिस्तानचे राष्ट्राध्यक्ष भुट्टो पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, पकडलेले कैदी न घेताच परत गेले.

तो लोंबकळत का राहिला, हे मजकूर लिहिणाऱ्याला ठाऊकच नाही, कारण त्याच्या गोष्टीत बंगाली माणूस औषधालाही नाही. 16 डिसेंबरला ढाक्याच्या रेसकोर्स मैदानावर तिथल्या पाकिस्तानी फौजेचा सेनापती नियाझी याने शरणागतीवर सही केली ती भारत आणि बांगलादेशच्या संयुक्त फौजांपुढे. जगजितसिंग अरोरा त्या दोन्ही फौजांचे सेनापती म्हणून समोर बसले होते. कैदी आपल्या छावण्यांत असले, तरी ढाक्याला विचारल्याशिवाय ते सोडता येत नव्हते. आणि पाकिस्तान तर बांगलादेश नावाचा देश आहे हेच मानायला तयार नव्हता. ऑगस्ट 1972 मध्ये बांगलादेशचा संयुक्त राष्ट्रांतला प्रवेश चीनने नकाराधिकार वापरून अडवला, तोही पाकिस्तानसाठीच. तिकडे लाखांवर बंगाली माणसं पाकिस्तानात अडकली होती. शेवटी 28 ऑगस्ट 1973 ला दिल्लीत करार झाला, अडकलेले बंगाली घरी जायला लागले आणि सप्टेंबरपासून कैद्यांच्या गाड्या वाघा सीमेकडे निघाल्या. बांगलादेशला युद्धगुन्ह्यांसाठी 195 जणांवर खटले चालवायचे होते, म्हणून तेवढे मागे ठेवले. 22 फेब्रुवारी 1974 ला पाकिस्तानने बांगलादेशला मान्यता दिली. एप्रिलमध्ये तिन्ही देशांचा करार झाला आणि त्याच महिन्यात नियाझी परत गेला. एक सही म्हणे! शरणागतीपासून दोन वर्षं चार महिने लागले. राग धरायचाच असेल तर त्या 195 जणांवर खटला चालला नाही याचा धरा. तो राग मलाही आहे.

शिवाय ते 93,000 सगळे सैनिक नव्हते. गणवेशातले, निमलष्करी आणि पोलीस धरून, 80,000 च्या आसपास. उरलेले मुलकी अधिकारी, बायका, मुलं.

जमिनीचा मुद्दा अर्धा खरा. आंतरराष्ट्रीय सीमेपलीकडची, सिंध-पंजाबातली जमीन परत दिली. काश्मिरात मात्र 17 डिसेंबरची ताबारेषाच नियंत्रणरेषा झाली, म्हणून लडाखमधलं तुर्तुक आज भारतात आहे. अर्थात जम्मूतलं छंबही पाकिस्तानकडे गेलं. आणि एक गोष्ट कबूल करतो: काश्मीरवर भुट्टोंनी तोंडी काय मान्य केलं, याची चर्चा पुष्कळ झाली, पण करारात त्याचं एक अक्षर नाही. तिथं आपण कमी पडलो.

सगळ्यात घातक आहे तो तिसरा मुद्दा. कैदी सोडले म्हणून पाकिस्तानात लष्कर पुन्हा बसलं, हे कुणाला सुचलं? पराभवानंतर लष्करशहा याह्या खानची राजवट चार दिवस टिकली. त्याच्याच अधिकाऱ्यांनी रावळपिंडीत याह्याचा सहकारी जनरल हमीद याला ओरडून गप्प केलं, आणि 20 डिसेंबरला भुट्टो राष्ट्राध्यक्ष झाले. मुख्य मार्शल लॉ प्रशासकही तेच, अंगावर गणवेश नसताना. मार्च 1972 मध्ये त्यांनी लष्करप्रमुख कुणाला केलं? टिक्का खानला. 25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यात कत्तल सुरू झाली तेव्हा तिथला सेनानी हाच. तो कधीच आपला कैदी नव्हता. 1976 मध्ये भुट्टोंनीच ज्येष्ठांना डावलून आणलेला झिया उल हकही ढाक्याला शरण आलेल्यांत नव्हता. त्याने 5 जुलै 1977 ला सत्ता घेतली आणि 4 एप्रिल 1979 ला भुट्टोंना फाशी दिलं.

उलट परत गेलेल्या कैद्यांनी हमुदूर रहमान आयोगापुढे साक्षी दिल्या. पराभवाची चौकशी करायला भुट्टोंनीच नेमलेला हा आयोग. त्याने याह्यासह बड्या सेनानींवर खटले चालवा म्हणून लिहून दिलं. एकही खटला चालला नाही. अहवाल दाबून ठेवला. 2000 साली तो भारतातल्या एका साप्ताहिकात फुटला, तेव्हा कुठं पाकिस्तान सरकारने खुला केला. लष्कर वाचलं ते त्या कुलपामुळे, आपल्या छावण्यांच्या दारांमुळे नाही.

राहिले ते 54. हे खरं आहे. पश्चिम आघाडीवरच्या कैद्यांची अदलाबदल 1 डिसेंबर 1972 ला झाली, त्यात हे आले नाहीत. ते तिथं असल्याचं पाकिस्तान नाकारत आलाय. 1983 आणि 2007 मध्ये नातेवाईक तिथल्या तुरुंगांतून हिंडून रिकाम्या हाताने परतले. त्यांच्यावर लिहायचं तर त्यांच्यावरच लिहा; एका खोट्या मजकुराच्या तळाला त्यांना चिकटवू नका.

आण्णांना मी सहावं कलम फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पुन्हा वाच." दोनदा वाचलं.