तारीख कुणी मागितली होती?

आज डोकं फिरलंय, आधीच सांगते. ज्यांना सकाळी सकाळी सुविचार वाचायचे असतील त्यांनी पुढे सरका.

पुण्याहून भावाचा फोन होता. त्याची मुलगी, चौथीतली, हल्ली रात्री दिवा घालवू देत नाही. स्वतःच्या ओढणीचं टोक आईच्या गाऊनला गाठ मारून झोपते. कारण काय, तर मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, ग्रुपवर आलेलं जगाच्या शेवटाबद्दलचं एक रील तिनं पाहिलं. आकाश फाटतं, रस्त्यावर गाड्या ड्रायव्हरशिवाय एकमेकींवर आदळतात, माणसांच्या जागी नुसते कपडे पडलेले, आणि खाली लाल अक्षरात "तुम्ही तयार आहात का?" फोनवर मला विचारते, "आत्या, मी झोपलेली असताना आई वर गेली तर मला शाळेत कोण सोडणार?"

ज्या गृहस्थांनी ते टाकलं त्यांना लगेच फोन लावला. जय ख्रिस्त वगैरे झालं. म्हणाले, "ताई, शेवटचे दिवस आहेत, लोकांना जागं करणं आपलं काम आहे." अहो, जागीच आहे पोरगी. झोपतच नाहीये!

माझ्या यादीतल्या बिगरख्रिस्ती मंडळींसाठी थोडं सांगते, म्हणजे "तुमच्यात असंही असतं का" हे विचारायला नको. प्रभू पुन्हा येणार हे आम्ही सगळेच मानतो. मीही मानते. दर रविवारी उभं राहून म्हणतो की जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार आहे. वसईच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणीही मिस्साला तेच म्हणतात आणि घरी येऊन निवांत सुकटीची चटणी करतात. भांडण येण्याबद्दल नाही. भांडण आहे ते वेळापत्रकाबद्दल: आधी विश्वासणारे अचानक वर उचलले जाणार, मग सात वर्षांचं मोठं संकट, ख्रिस्तविरोधक, श्वापदाची ६६६ या आकड्याची खूण, हर्मगिदोनची शेवटची लढाई, मग हजार वर्षांचं राज्य. ही सगळी मांडामांड नेमकी याच क्रमानं पहिल्या मंडळीनं केली असेल असं वाटतं ना? नाही. जॉन नेल्सन डार्बी नावाच्या माणसानं ती १८३० च्या सुमारास पसरवायला घेतली. पुढे १९०९ साली स्कोफिल्ड या अमेरिकन पाळकांनी पवित्र शास्त्राच्या पानांवर टिपा छापल्या, त्यात ती बसली, आणि लोक वर देवाचं वचन आणि खाली स्कोफिल्डचं वचन एकाच श्रद्धेनं वाचू लागले. मिशनऱ्यांच्या ट्रंकांतून आणि नंतर टीव्हीवरून ती आपल्याकडे आली.

मला ती आमच्या गावात भेटली. शेवगाव तालुका, १९८८ चा उन्हाळा. बाहेरून एक प्रचारक आले होते, देवळासमोर मांडव, पेट्रोमॅक्स, रात्रीच्या सभा. त्यांचं गणित असं: मत्तयाच्या शुभवर्तमानात चोविसाव्या अध्यायात अंजिराचं झाड पालवतं. अंजीर म्हणजे इस्राएल. इस्राएल झालं १९४८ ला. एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं. झालं, करा बेरीज. मग त्यांनी दोन बायका जात्यावर दळत असल्याचं वचन वाचलं, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. पुढच्या रांगेतल्या आमच्या बायकांकडे बोट करून विचारलं, "यातली ठेवली जाणारी कोण?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी खेळून घरी आले. दार उघडं. चुलीवर तव्यात भाकरी करपत होती, एका बाजूनं कोळसा. आईच्या चपला उंबऱ्याशी. आजीची काठी भिंतीला. शेजारी गेले, तिथंही कोणी नाही. अख्ख्या आळीत माणूस नाही, फक्त कोंबड्या.

तुम्ही हसाल. हसा. पण दहा वर्षांच्या पोरीला चपला तिथंच आहेत आणि आई नाही याचा अर्थ एकच लागला.

त्या प्रचारकांचं पुढे काय झालं माहीत नाही. १९८८ संपलं. त्याच वर्षी तिकडे अमेरिकेत नासात काम केलेल्या एका निवृत्त इंजिनिअरनं ८८ कारणं देणारी पुस्तिका काढली होती, मुहूर्त सप्टेंबरचा. तो टळल्यावर पुढच्या वर्षीसाठी नवी पुस्तिका! त्याआधी १८४४ मध्ये विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकाचे लोक २२ ऑक्टोबरला आकाशाकडे बघत बसले, काहींनी शेतातलं पीकही काढलं नव्हतं. हॅरॉल्ड कँपिंग या अमेरिकेतल्या रेडिओ प्रचारकांनी २०११ मध्ये २१ मे सांगितला, मग २१ ऑक्टोबर. आणि २०२५ चं तर तुम्हीही पाहिलं असेल, दक्षिण आफ्रिकेतल्या एका गृहस्थांना स्वप्नात सांगितलं गेलं म्हणून २३ आणि २४ सप्टेंबर. कुणी गाडी विकली, कुणी नोकरी सोडली. तो गेला, मग म्हणे ऑक्टोबर. यांना कुणीच जाब कसा विचारत नाही? साधा भिशीचा हिशेब चुकला तर आपल्या बायका अध्यक्षीणबाईंना सळो की पळो करतात.

(फक्त ख्रिस्ती लोकच असं करतात असं कुणी कॉमेंटमध्ये लिहू नका. १९६२ च्या अष्टग्रहीला, आठ ग्रह एका राशीत आले म्हणून जग बुडणार या भीतीनं, कोण यज्ञ करत होतं ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारा.)

बरं, एक मान्य करावं लागेल. लवकर येतो असं शास्त्रातच आहे. प्रेषित पौल, ज्याची पत्रं बायबलमध्ये आहेत, त्यालाही आपल्या हयातीतच सगळं घडेल असं वाटत असावं, "आपण जे जिवंत उरू" अशीच त्याची भाषा आहे. ठीक. पण त्याच पौलाला ग्रीसमधल्या थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला दुसऱ्यांदा लिहावं लागलं, की आमच्या नावानं पत्र आलं, प्रभूचा दिवस येऊन ठेपला असं कुणी सांगितलं, तरी घाबरून जाऊ नका. म्हणजे फॉरवर्ड तेव्हाही होते! आणि तिथं काही लोक काम सोडून बसले होते, त्यांना तो म्हणतो, काम करायचं नसेल तर खाऊही नका. हे वचन रीलवर कधी येत नाही.

तर मी त्या दिवशी पळत सुटले ती पाळकबाईंच्या घरी. माझा हिशेब पक्का होता. गावातून एकच माणूस वर जाणार असेल तर त्या पाळकबाई. त्या नसतील तर संपलं. आणि त्या होत्या. ओसरीवर सूप घेऊन तूर निवडत बसल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मी दारातच बसकण मारली आणि रडले. त्यांना काय झालं ते कळायला वेळ लागला. मग म्हणाल्या, "अगं, टँकर आलाय मारुतीच्या देवळापाशी. सगळी तिकडंच पळाली हंडे घेऊन. माझे गुडघे धरलेत म्हणून मी मागं."

टँकर. आई अनवाणी पळाली होती, आजी काठीशिवाय. पाणी आलं की आमच्याकडे लोक असेच पळायचे.

इथं लिहिता लिहिता राग जरा उतरतोय, कारण मला आजी आठवली. तिला बायबलमधलं शेवटचं, प्रकटीकरणाचं पुस्तक तोंडपाठ होतं. श्वापदं, शिंगं, मोहरा यातलं काही ती सांगायची नाही. तिची दोनच वचनं: ते पुन्हा भुकेले होणार नाहीत, तान्हेले होणार नाहीत, आणि देव त्यांच्या डोळ्यांचं सगळं पाणी पुसून टाकील. तिची आई १८९९-१९०० च्या दुष्काळातली. गावकुसाबाहेर राहिलेली, पाणवठा बंद असलेली माणसं. त्यांनी "ये, प्रभू येशू" म्हटलं तर त्यात सिनेमा नव्हता. आहे हे जग असंच चालू राहणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं. ते पुस्तकही लिहिलं गेलं ते रोमी सत्तेखाली भरडलेल्या लोकांसाठी, पात्म बेटावरून. ज्याला आज प्यायला पाणी नाही त्यानं शेवट जवळ आहे म्हटलं तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली दुष्काळातल्या मुली रात्र रात्र प्रार्थना करत होत्या, त्यांना कुणी हसून दाखवावं.

पण एसीत बसून गाझावर बॉम्ब पडला की "हालेलुया, भविष्यवाणी पूर्ण होतेय" लिहिणारे? जून २०२५ मध्ये इस्राएल आणि इराणची जुंपली तेव्हा आमच्या ग्रुपवर क्रिकेटचा स्कोअर असावा तसे मेसेज येत होते. अरे, बेथलेहेमात आपलेच ख्रिस्ती लोक राहतात! लढाया आणि लढायांच्या अफवा ऐकाल तेव्हा घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, हे प्रभूनं त्याच चोविसाव्या अध्यायात सांगितलंय. आणि तो दिवस, ती घटका पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्राला नाही. पुत्राला नाही, पण ग्रुप अॅडमिनला आहे.

कोविडच्या लसीच्या वेळी हेच. श्वापदाची खूण म्हणून आमच्या नात्यातल्या एकांनी लस घेतली नाही ती नाहीच. मिझोरममध्ये काहींनी आधार कार्डाला ६६६ च्या भीतीनं नकार दिला. त्याआधी बारकोड होता. दर दहा वर्षांनी श्वापद नव्या मशीनमध्ये शिरतं.

हो, जागृती हवी, आळस नको, दिव्यात तेल हवं, सगळं मान्य. पण मुलांना?

पाळकबाईंनी मला गुळाचा खडा दिला आणि म्हणाल्या, "तो येईल तेव्हा कर्णा वाजेल, एवढा मोठा की शेवगावला ऐकू जाईल. तुला झोपेत टाकून कुणी जात नाही." खूप वर्षांनी मी स्वतः पौलाचं थेस्सलनीकाकरांना लिहिलेलं पहिलं पत्र वाचलं तेव्हा दिसलं, कर्णा चौथ्या अध्यायात आहे आणि पाचव्यात लगेच लिहिलंय की तो दिवस रात्री चोर येतो तसा येणार. पाळकबाईंना दोन्ही पाठ होतं. समोर रडणाऱ्या पोरीला काय द्यायचं ते त्यांना कळत होतं. धर्मशिक्षणाची पदवी नव्हती त्यांच्याकडे, सातवी शिकल्या होत्या.

भाचीला मी कर्ण्याचंच सांगितलं. तिनं विचारलं, "पुण्यात ट्रॅफिकमध्ये ऐकू येईल?" म्हटलं, येईल.

रविवारी उपासनेनंतर मी पाळकांना आणि संडे स्कूलच्या शिक्षकांना भेटणार आहे. मागणी एकच, बारा वर्षांखालच्या मुलांना असली रीलं आणि चित्रं दाखवायची नाहीत, ग्रुपवर टाकायचीही नाहीत. ज्यांना यायचं त्यांनी साडेदहाला मागच्या दारापाशी थांबा. आणि कॉमेंटमध्ये वचनं फेकून मारायची असतील तर खुशाल मारा, फक्त अख्खा अध्याय वाचून या. मी भाकऱ्या उरकून संध्याकाळी उत्तरं देते.